मराठी बटणावरचे क्रियापद

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आईने तिच्या बँकेच्या ॲपची भाषा मराठी केली आणि लगेच मला हाक मारली. पडद्यावर शेजारीशेजारी दोन बटणे होती आणि दोन्हींवर ‘व्यवहार…’ एवढेच दिसत होते. एक ‘व्यवहार पूर्ण करा’ आणि दुसरे ‘व्यवहार रद्द करा’ होते, पण कोणते कुठले हे दाबल्याशिवाय कळायला मार्ग नव्हता. ॲपच्या भाषांतराचे काम मी स्वतः करतो, त्यामुळे दोष भाषांतराचा नाही हे खात्रीने सांगू शकतो.

बटणाची रुंदी इंग्रजी शब्द समोर ठेवून पक्की केली जाते आणि तीत न मावणारा मजकूर पुढे तीन टिंबे देऊन छाटला जातो. इंग्रजी आज्ञेत क्रियापद आधी येत असल्यामुळे शेपूट गेले तरी ‘कॅन्सल’ शिल्लक राहते. मराठीत ते शेवटी येते आणि कात्री नेमकी त्याच्यावरच चालते. त्यातून ‘पे’चे ‘पैसे भरा’ होते, ‘ओके’चे ‘ठीक आहे’ होते. दहा अक्षरांपर्यंतच्या इंग्रजी मजकुराला भाषांतरात दुप्पट-तिप्पट जागा धरावी, असे आयबीएमचा जुना तक्ता सांगतो. उंचीचेही तेच. रफार आणि अनुस्वार शिरोरेषेच्या वर बसतात, उकार खाली लोंबतो. इंग्रजीपुरती उंची ठेवली की ‘कर्ज’चे ‘कज’ आणि ‘बंद’चे ‘बद’ होते.

मजकुराएवढी चौकट आपोआप करून घेण्याची सोय काही नवी नाही. अँड्रॉइडमध्ये ‘रॅप कंटेंट’ सुरुवातीपासून आहे, आयफोनवर २०१२पासून ‘ऑटो लेआउट’ आहे, संकेतस्थळांसाठी सीएसएस या मांडणीच्या भाषेत ‘फिट-कंटेंट’ आहे. बटणे वाढली की मांडणी बिघडते, असा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे. पण कमाल रुंदी ठरवून पुढचा मजकूर दुसऱ्या ओळीत जाऊ देता येतो, किंवा दोन बटणे एकाखाली एक ठेवता येतात. काही जण चौकट तशीच ठेवून अक्षरेच आपोआप बारीक करतात. डोळ्यांना झेपावीत म्हणून सत्तरीतल्या माणसाने मुद्दाम मोठी करून घेतलेली अक्षरे ॲपने परस्पर लहान करावीत, हे मला छाटण्याइतकेच वाईट वाटते.

भाषांतरकाराच्या हाती पडदा येतच नाही. येतो तो तक्ता: एका रकान्यात इंग्रजी, दुसऱ्यात मराठी आणि कधी तिसऱ्यात ‘कमाल १२ अक्षरे’ अशी अट. (संगणकाच्या हिशेबात एकटा ‘क्ष’ तीन भरतो, ते वेगळेच.) तक्ता मंजूर झाला की मराठी आवृत्ती तयार समजली जाते. ॲप करणाऱ्यांना माझी विनंती एवढीच आहे, की ती लोकांच्या हाती देण्यापूर्वी फोनवरची अक्षरे मोठ्यात मोठी करून ‘व्यवहार रद्द करा’ हे तीन शब्द बटणावर पूर्ण दिसतात का, ते एकदा पाहावे.

आपला,
एक वाचक, डोंबिवली