चंदन-वंदन एक धरायचा का दोन?

मा. संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत गेमिंगवर लेख आला त्याबद्दल आधी आभार, कारण एरवी पेपरात गेम म्हटलं की रमीत बुडालेल्या पोराची बातमी असते, आणि 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा केला तेव्हापासून तर आमच्या गल्लीत दोघा-तिघांनी मला विचारलं, तुझं पण बंद झालं का गं? नाही झालं. एकदा विकत घेतला की घरात एकटीनं खेळायचा गेम आहे तो, त्यात जुगार कुठनं येतोय. पण तुमच्या लेखात एक वाक्य होतं की अमक्या खेळाडूनं "गेम शंभर टक्के पूर्ण करून" इतक्या तासांचा विक्रम केला, आणि तिथं मी अडकले. शंभर टक्के कशाचे, ते लेखात कुठंच नाही.

सातारकरांना हे सांगायला सोपं आहे. माझा मामेभाऊ सगळीकडं सांगत फिरतो की जिल्ह्यातले सगळे किल्ले झाले माझे. सगळे म्हणजे किती रे बाबा? चंदन-वंदन हे जोडकिल्ले, एक धरला का दोन? बामणोलीतनं बोटीनं वासोट्याला गेलास ते नव्यालाच का जुन्याला पण? कल्याणगडावर ती पाण्यानं भरलेली गुहा आहे तिच्यात आतपर्यंत गेलास का तोंडाशी फोटो काढून माघारी? दरवेळी त्याचा आकडा बदलतो आणि दरवेळी तो शंभर टक्केच असतो. स्पीडरनिंगमध्ये असलं चालत नाही. तिथं गेम कमीत कमी वेळात संपवायचा असतो, सुरुवातीपासून शेवटपर्यंतचा व्हिडिओ द्यायचा असतो, आणि दुसरा कुणीतरी तो अख्खा बघून पास करतो.

आता काही गेम स्वतःच टक्के दाखवतात. झेल्डाचा 2017 चा ब्रेथ ऑफ द वाइल्ड घ्या, 120 श्राइन म्हणजे छोटी देवळं, 900 लपवलेल्या कोरोक बिया, आणि शेवटचा राक्षस मारल्यावर नकाशावर टक्क्यांचा आकडा येतो, तो शंभर झाला की झालं, वाद मिटला. मी खेळते तो स्कायरिम, तलवारी, जादू आणि ड्रॅगनांच्या जगात मोकळं फिरायचा गेम, 11 नोव्हेंबर 2011 ला आलेला, त्यात असला आकडा नाहीच. म्हणजे शंभर टक्के काय ते माणसांनी बसून ठरवायला लागतं, आणि आम्ही तिघं (मी, मामेभाऊ आणि एक कराडचा मित्र) मागच्या दिवाळीत दोनशे पानी वही घेऊन तेच करत बसलो. आई दर तासाला येऊन बघायची, म्हणायची खेळताय का अभ्यास करताय.

पहिलं भांडण न संपणाऱ्या कामांवर झालं. स्कायरिममध्ये सराईवाल्याला काम विचारलं की तो दरोडेखोर मारायची चिठ्ठी देतो, ती करून आलात की दुसरी देतो, चोरांच्या टोळीत तेच, खुनी टोळीत तेच, गेम स्वतःच नवीन कामं बनवत राहतो. हे म्हणजे भांगलणीसारखं आहे, एका कडंनं उरकत आलं की दुसऱ्या कडंला परत तण. गुहा साफ केली तरी गेममधल्या 30 दिवसांनी ती परत भरते. मित्राचं म्हणणं प्रत्येक प्रकारातलं एक-एक करू. मी म्हटलं एकच का, पाच का नाही? मग असं ठरलं की ज्याला शेवट आहे तेच यादीत घ्यायचं, आणि न संपणारं काम एखाद्या संपणाऱ्या कामाच्या वाटेत येत असेल तर तेवढ्यापुरतंच करायचं. चोरांची टोळी परत उभी करायला चार शहरांत प्रत्येकी पाच-पाच किरकोळ कामं करावीच लागतात, ती आली. बाकी सराईवाला बसू दे चिठ्ठ्या वाटत.

दुसरं, एक केलं की दुसरं बंद होतं अशा गोष्टी. यादवी युद्धात एक तर साम्राज्याच्या बाजूनं लढा नाहीतर स्टॉर्मक्लोक बंडखोरांच्या, एकाच खेळात दोन्ही होत नाही. इथं फार वेळ गेला नाही, कुठलीही एक बाजू धरा, पण रन, म्हणजे घड्याळ लावून केलेला अख्खा खेळ, सुरू करायच्या आधी सांगा. डेड्रा म्हणजे तिथले दैत्य-देव, त्यांच्या वस्तूंना मात्र वेळ लागला. त्या 15 गोळा केल्या की गेम अचिव्हमेंट (कामगिरीचा बिल्ला) देतो, पण त्यांतल्या क्लाव्हिकस व्हाइलकडं तुम्ही मुखवट्याऐवजी कुऱ्हाड घेतली तर ती धरत नाही, म्हणून यादीत नुसतं "15 वस्तू" लिहून भागत नाही, मुखवटा असं नाव घालून लिहायला लागतं. बॅरेन्झिया राणीच्या मुकुटाचे विखुरलेले 24 खडे आहेत, त्यांना नकाशावर खूण नाही, ते आम्ही लगेच घेतले कारण मोजता येतात. 18 कौशल्यं शंभरवर न्यायची का, तर नाही. तिथं रिस्टोरेशनच्या (बरं करायच्या जादूच्या) औषधाची जुनी युक्ती आहे, औषध प्यायचं, अंगावरच्या जादूच्या वस्तू काढून परत घालायच्या, पुढचं औषध आधीच्यापेक्षा जोरदार बनतं, असं करत करत आकडे आभाळाला जातात. बघणाऱ्याला त्यात मेन्यूशिवाय काही दिसत नाही.

आणि माझा खरा मुद्दा तोच आहे साहेब, बघणाऱ्याला दिसलं पाहिजे. तपासणारा माणूस व्हिडिओ बघून बोटावर मोजू शकत नाही ती गोष्ट नियमात घालूच नये. "सगळीकडं फिरला" हे मोजता येत नाही. "गेममधल्या नोंदवहीत अमुक क्वेस्ट (काम) पूर्ण म्हणून आली" हे येतं. आमची यादी आठ पानांवरनं तीन पानांवर आली ती ह्या एका कसोटीमुळं.

मग वेळ. लोडिंगचा वेळ वजा करायचा, ह्यावर दुमत नको, कारण मित्राचा लॅपटॉप जुन्या हार्डडिस्कचा आहे, एक दार उघडलं की तो चहा ठेवून येतो, आणि माझ्या एसएसडीवर, म्हणजे नव्या वेगवान डिस्कवर, तेच दार लगेच उघडतं. फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, 60 च्या वर न्यायचा नाही, जुन्या स्कायरिमचं फिजिक्स, म्हणजे वस्तूंचं पडणं-हलणं, त्याला बांधलेलं आहे, वर गेलं की टेबलावरची भांडी आपोआप उडायला लागतात. कन्सोल कमांड, म्हणजे टाइप करून गेमला हवं ते करायला लावायचे हुकूम, बंद. विंडहेल्ममधली खुनाच्या तपासाची क्वेस्ट अडकायला प्रसिद्ध आहे, अडकली तर मागचा सेव्ह उघडा, पण घड्याळ थांबणार नाही. हातात थाळी धरून भिंतीला चिकटवून पळालं की माणूस भिंतीतनं आरपार जातो, ते चालतं का? आम्ही दोन वेगळे गट केले, ग्लिचवाला (गेममधल्या असल्या चुकांचा फायदा घ्यायचा) आणि बिनग्लिचवाला. मामेभावाला ते पटलं नाही, म्हणतो तटबंदीच्या पडक्या भागातनं चढलो तरी किल्ला झालाच की. (त्याचे किल्ले असेच झालेत असा आता संशय आहे.)

लाईटचा नियम मात्र मी हट्टानं घातला. मागच्या मे महिन्यात रन करत होते, नववा तास चालू, 24 पैकी 17 खडे झालेले, आणि दुपारी वळीव आला. लाईट गेली. इन्व्हर्टरवर पंखा चालू, ट्यूब चालू, माझा कॉम्प्युटर बंद, कारण तो इन्व्हर्टरवर घेतलेलाच नव्हता. पाऊण तासानं लाईट आली, शेवटचा सेव्ह वीस मिनिटं आधीचा. मित्र म्हणाला तुझी काय चूक, तो पाऊण तास वजा कर. मी नाही केला. आज लाईट, उद्या पाहुणे, परवा गॅसवाला आला म्हणून वजा करणार, आणि तपासणाऱ्यानं ते कशावरनं खरं मानायचं? व्हिडिओ तुटला, रन संपली. रडू आलं होतं खरं, पण नियम तसाच आहे.

एवढं लिहायचं कारण, क्रिकेटची बातमी देताना तुम्ही टी-ट्वेंटी का वनडे ते आठवणीनं छापता. तसंच इथंही कुठल्या यादीचे शंभर टक्के, कुठलं व्हर्जन, ग्लिच चालतात का, लोडिंग धरलंय का, इतकं एका ओळीत बसतं. तेवढी ओळ पुढच्या वेळी छापा, ही विनंती.

आमचं सगळं जमलंय असं मात्र समजू नका. पार्थूर्नाक्स म्हणून म्हातारा ड्रॅगन आहे, डोंगरावर बसून तुम्हाला शिकवतो, आणि ब्लेड्सवाले, म्हणजे ड्रॅगन मारणारी टोळी, त्याला मारायला सांगतात. नाही मारला तर ती क्वेस्ट गेममधल्या नोंदवहीत तशीच लोंबकळत राहते. यादीच्या नियमाप्रमाणं तिला शेवट आहे, व्हिडिओत दिसतो, म्हणजे मारायलाच पाहिजे. मी आणि मामेभाऊ मारा म्हणतो. कराडचा मित्र म्हणतो, मी शंभर टक्क्यांवर पाणी सोडेन पण त्याला हात लावणार नाही, आणि तिसऱ्या पानावर त्या ओळीसमोर त्यानं पेनानं एवढी मोठी फुली मारलीय की खालच्या दोन ओळी पण वाचता येत नाहीत.

आपली,
एक वाचक, शाहूपुरी, सातारा