सारचा आकडा म्हणजे परीक्षेचे मार्क नव्हेत

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत कमी रेडिएशनवाल्या फोनची यादी आली आणि सोमवारपासून माझ्या मोबाईल रिपेरिंगच्या दुकानात जो तो तीच घेऊन येतोय. 0.9 वाला चांगला, 1.2 वाला डेंजर, असं लोकांनी धरूनच टाकलंय. म्हणून म्हटलं लिहावं.

यादीतला हा आकडा म्हणजे सार (SAR): फोनच्या लहरींतले शरीराच्या एका किलोमागे किती वॅट शोषले जातात तो आकडा. आपल्याकडे 2012 च्या सप्टेंबरपासून लिमिट 1.6 आहे, तेही शरीराच्या एक ग्रॅम भागावर सरासरी काढून. युरोपात 2 आहे पण तिथे सरासरी दहा ग्रॅमवर काढतात, म्हणजे एखाद्या ठिकाणी जास्त शोषलं गेलं तरी ते आजूबाजूच्यात मिसळून आकडा खाली येतो. तुमच्या यादीत मला तरी दोन्हीकडचे आकडे एकाच रांगेत लावलेले दिसले, आता किलोचा भाव आणि डझनाचा भाव शेजारी ठेवून स्वस्त काय ते कसं ठरवणार?

आणि हा आकडा मोजतात कसा तेही गमतीशीर आहे. माणसाच्या डोक्याच्या आकाराचं प्लास्टिकचं पोकळ भांडं असतं (माप अमेरिकन सैनिकांच्या मोठ्या डोक्यांवरून घेतलेलं, लहान पोरांचं नाही, हा आक्षेप जुनाच आहे), त्यात मेंदूसारखे विजेचे गुण असलेलं द्रावण भरतात, बाहेरून गालाला फोन लावून तो फुल पॉवरवर ठेवतात आणि रोबोटचा हात द्रावणात बारीक प्रोब फिरवत जागोजागी मोजत जातो. सगळ्यात जास्त येईल तो आकडा बॉक्सवर. म्हणजे तो वाईटात वाईट परिस्थितीचा झाला, रोजच्या वापराचा नव्हे.

रोज काय होतं, तर फोन रेंज बघून आपली पॉवर कमीजास्त करतो. 4जी फोन जास्तीत जास्त साधारण 0.2 वॅट सोडतो, टॉवर जवळ असला की त्याच्या हजाराव्या हिश्शातही भागतं. घाटात एक कांडी रेंजवर बोलत बसलात की बॅटरी धाडकन उतरते ना, ती उगाच नाही, बिचारा फोन ओरडत असतो. आमच्या सोसायटीत समोरच्या बिल्डिंगवरचा टॉवर हटवा म्हणून सह्या चालल्यात, पण तो गेला तर कानाला लावलेला फोन जास्त जोर लावणार हे कोणी बोलायला तयार नाही. टॉवरच्या लहरींचं लिमिट आपल्याकडे आंतरराष्ट्रीय लिमिटच्या एक दशांश आहे, 900 मेगाहर्ट्झला चौरस मीटरला 0.45 वॅट. शंका असेल तर सरकारच्या तरंग संचार पोर्टलवर 4000 रुपये भरून मोजून घेता येतं. सह्या गोळा करण्यापेक्षा वर्गणी काढा की.

भीती अगदीच खोटी आहे असं मी म्हणत नाही. 2011 मध्ये आयएआरसीने (डब्ल्यूएचओची कॅन्सर संशोधन संस्था) या लहरींना '2बी' म्हणजे कदाचित कॅन्सरकारक या गटात टाकलं, पण 2024 मध्ये डब्ल्यूएचओने करून घेतलेल्या आढाव्यात मोबाईल आणि ब्रेन कॅन्सरचा संबंध दिसला नाही. दोन्ही छापा, एकच नको.

एवढं करा, पुढच्या वेळी यादीत प्रत्येक आकड्यापुढे एक ग्रॅम की दहा ग्रॅम ते टाका. बऱ्याच फोनवर स्टार हॅश शून्य सात हॅश दाबलं की सारचा आकडा दिसतो, वाचकांना तेही सांगा. आणि फोनला चिकटवायच्या त्या अँटी-रेडिएशन स्टिकरबद्दलही लिहा हो. स्टिकरने खरंच लहरी अडवल्या तर रेंज पडेल आणि फोन उलट पॉवर वाढवेल, हे मी शेजारच्या काकूंना तीनदा सांगितलं. त्या काढत नाहीत, त्यावर गणपती आहे म्हणे.

– एक मोबाईल दुरुस्तीवाला, सातारा