मोराबंदरच्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

घारापुरीला येणारा माणूस धक्क्यावर उतरतो, पायऱ्या चढतो, सदाशिवाच्या भव्य मूर्तीपुढे उभा राहतो आणि परतीची लाँच गाठतो. आमच्या शाळेची सहलही तशीच झाली असती. मुलांना आणायच्या आधी बेट एकदा नजरेखालून घालावं म्हणून मी आले आणि तुम्ही हातातलं काम टाकून दिवसभर माझ्याबरोबर फिरलात. त्याचे आभार चारचौघांत मानायचे होते, म्हणून हे जाहीर पत्र.

तुम्ही मला आधी लेणी दाखवलीच नाहीत, हे फार बरं झालं. आधी बेटाची ठेवण दाखवलीत. घेर साधारण सात किलोमीटरचा, दोन डोंगर आणि मधे घळ. वायव्येला शेतबंदर, ईशान्येला मोराबंदर, दक्षिणेला राजबंदर. वारा फिरला की होडी बेटाच्या दुसऱ्या अंगाला न्यायची, हे तुम्ही सहज बोलून गेलात. पण पुढचा सगळा इतिहास मला त्या एका वाक्यामुळे उलगडला. तिन्ही बाजूंना आडोसा, समोर पनवेल-उरणच्या खाड्या आणि त्यांच्या मागे घाटावर जाणाऱ्या वाटा. व्यापाऱ्याला आणखी काय हवं?

ओहोटी लागल्यावर तुम्ही मला खारफुटीच्या कडेने चिखलात नेलंत. दगडांना कालवं चिकटलेली, पाय घोट्यापर्यंत रुतत होते. तिथे वाकून तुम्ही एक जाड, लालसर खापर दाखवलंत. पाण्याने त्याच्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या, पण आतल्या बाजूला चाकावर फिरलेल्या बोटांच्या रेघा अजून दिसत होत्या. मी हात पुढे केला तर तुम्ही म्हणालात, "बघायचं आणि तिथंच ठेवायचं." ते खापर कुठल्या काळातलं हे सांगायचा मला अधिकार नाही. पण याच किनाऱ्यावर संशोधकांना रोमन अँफोरांचे, म्हणजे दारू आणि तेल भरून जहाजातून येणाऱ्या उभट कुंभांचे तुकडे मिळाले आहेत. वर पूर्वेच्या डोंगरावर विटांचा बौद्ध स्तूप आहे. लेणी कोरली गेली सहाव्या शतकात. त्याच्या कितीतरी आधी इथे माणसांचा राबता होता, हे तुम्ही मला पायी फिरवून पटवलंत.

लेण्यांच्याच सहाव्या शतकातल्या कलचुरी राजा कृष्णराजाची नाणीही बेटावर सापडली आहेत. पुढे कर्नाटकातल्या इ.स. ६३४च्या ऐहोळे शिलालेखात कवी रविकीर्तीने चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीच्या स्वारीचं वर्णन केलं आहे. मदमस्त हत्तींच्या कळपासारख्या दिसणाऱ्या शेकडो नौकांनी पुलकेशीने पश्चिम समुद्राची लक्ष्मी असलेल्या पुरीला वेढलं. कोकणच्या मौर्यांची ही पुरी म्हणजे घारापुरी की जंजिऱ्याजवळची दंडा-राजपुरी, यावर अभ्यासकांत एकमत नाही. तुमच्याबरोबर बेट फिरल्यापासून माझा कल मात्र घारापुरीकडेच आहे.

राजबंदराला तुम्ही हत्तीची जागा दाखवलीत. त्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. इंग्रजांनी १८६४ साली तो विलायतेला न्यायचा घाट घातला, तेव्हा उचलताना साखळी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. तुकडे सांधून उभा केलेला तो हत्ती आज भायखळ्याला राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. ज्या किनाऱ्यावर तो शतकानुशतकं उभा होता, तिथे त्याची निदान एक पाटी तरी असायला हवी. तुमची ही तक्रार मला शंभर टक्के पटते.

आणि बेटाचा इतिहास सांगता सांगता तुम्ही तुमच्या गावाचं दुखणंही सांगितलंत. लेणी १९८७ साली जागतिक वारशाच्या यादीत गेली, समोर मुंबई रात्रभर झगमगत राहिली आणि तुमच्या घरात समुद्राखालच्या केबलने वीज आली ती २०१८ साली. तोवर संध्याकाळचे काही तास जनरेटर, पुढे अंधार. सहलीच्या दिवशी मुलांना मी हेही सांगितलं, कारण बेटाचा इतिहास लेण्यांपाशी संपत नाही.

सहलीनंतर मुलांनी शाडूच्या मातीचं घारापुरी केलं आहे. दोन्ही डोंगर, घळ, तिन्ही बंदरं, स्तूप आणि राजबंदराला हत्तीसुद्धा. तुम्ही म्हणाला होतात तसंच शेतबंदराचा धक्का मुद्दाम लांब केला, ओहोटीला तिथे पाणी उथळ होतं म्हणून. एका मुलीने मोराबंदराच्या चिखलात खऱ्या विटेचे बारीक तुकडे खापरं म्हणून रोवले आहेत आणि कुणालाही ते उचलू देत नाही.

प्रदर्शन दिवाळीच्या सुट्टीपर्यंत मांडलेलं राहील. काकूंना घेऊन पनवेलला नक्की या. काही चुकलं असेल तर मुलांना तुमच्याकडूनच ऐकायचं आहे.

तुमची ऋणी,
पनवेलच्या शाळेतली इतिहासाची बाई