पतंग अजून आतून ओला आहे

आई,

सा.न. काल व्हिडिओ कॉलवर तू विचारलंस की माझ्या मागे एवढं मोठं लाल कापड कसलं पसरलंय, आणि सांगेपर्यंत नेट गेलं. तो माझा पतंग आहे, फॉइल काइट म्हणजे वाऱ्यावर माणसाला पाण्यावरून ओढून नेणारा मोठा कापडी पतंग, शनिवारी समुद्रात पडला. मला काही झालेलं नाही, हे आधीच सांगतो, जॅकेट अंगात होतं आणि किनारा जवळ होता, एकदम वारा पडला आणि पतंग नाकावर खाली आला, एवढंच.

बाबांना सांग, ह्याला कामट्या नसतातच. वर एक कापड, खाली एक कापड आणि मधे उभे पडदे शिवून केलेले कप्पे, पुढच्या कडेला त्यांची तोंडं उघडी, त्यातून वारा आत शिरतो आणि त्या वाऱ्यानेच सगळा फुगून विमानाच्या पंखासारखा होतो. १९६४ साली डोमिना जॅल्बर्ट नावाच्या माणसाने हे डिझाइन काढलं, मला ते अजूनही फार भारी वाटतं. पण जिथून वारा शिरतो तिथूनच पाणीही शिरतं ना. आणि पाणी लिटरला किलो, म्हणजे आत ३० लिटर साठलं तर ३० किलो, तेव्हा घाईघाईने एक टोक धरून किनाऱ्यावर ओढलं तर आतले पडदे शिवणीपासून फाटतात. म्हणून मी कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून तोंडं खाली धरली आणि हळूहळू सगळं निथळू दिलं, वीस मिनिटं तरी गेली असतील, हात भरून आले पण शिवण एकही उसवली नाही.

खरं काम घरी आल्यावर. पंखाच्या दोन्ही टोकांना वेल्क्रोची छोटी तोंडं असतात, ती उघडली तर मूठभर वाळू निघाली आणि नखाएवढा एक शिंपला. मग टबात गोड्या पाण्यात बुडवला. साबण नाही, कापडावरचं कोटिंग जातं, मशीन नाही, आणि पिळायचं तर अजिबात नाही, नुसतं कप्प्यांतून पाणी खेळवायचं. तिसऱ्यांदा पाणी बदलल्यावर बोट बुडवून जिभेला लावलं तर अजून खारट, मग चौथ्यांदा. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, आत १० लिटर तसंच सुकलं तर ३५० ग्रॅम मीठ आत राहिलं, आणि मीठ हवेतला ओलावा ओढत राहतं म्हणून कापड कधी पूर्ण वाळतच नाही, वर त्याचे कण घडीत कापडाला घासतात ते वेगळंच. दोऱ्याही धुतल्या, त्या आखडतात, आणि सगळ्या सारख्या आखडत नाहीत म्हणून मग पतंग एका बाजूला ओढतो. छोट्या पुली नळाखाली फिरवून फिरवून धुतल्या, बारवरचा, म्हणजे हातात धरायच्या दांड्यावरचा सेफ्टी रिलीजही, त्याने धोक्याच्या वेळी पतंग झटकन सोडता येतो, तो मिठाने अडकला तर ऐन वेळी सुटणार नाही.

वाळवणं सगळ्यात अवघड. तू म्हणशील उन्हात टाक, पण कडक उन्हाने हे नायलॉन कमजोर होतं. आणि बाहेरून हात लावला की कोरडंच लागतं गं, मागच्या वर्षी मी त्यालाच फसलो, बाहेरून सुकला म्हणून घडी घालून बॅगेत भरला आणि तीन आठवड्यांनी उघडला तर कुबट वास, मागच्या कडेला काळे ठिपके आणि लालचा रंग पांढऱ्या पट्टीवर उतरलेला. ते ठिपके आजही गेलेले नाहीत, बघितलं की जीव हळहळतो. त्यामुळे ह्या वेळी पलंग भिंतीला सारला, पतंग खोलीभर पसरला, टेबल फॅन तोंडांसमोर ठेवला, कप्पे थोडे फुगतात आणि हवा आतून फिरते, दर काही तासांनी फॅन पुढच्या कप्प्यांकडे सरकवतो आणि पतंग उलटा करतो. हेअर ड्रायर किंवा हीटर जवळ नेत नाही, कापड आणि दोऱ्या दोन्ही उष्णतेने खराब होतात.

आज तिसरा दिवस. खिडकीच्या उजेडासमोर धरला की ओला कप्पा गडद दिसतो, मधले सगळे फिकट झालेत, डावीकडच्या टोकाचे दोन अजून गडद आहेत आणि आत हात घातला की शिवण गार लागते. ते दोन सुकेपर्यंत घडी घालणार नाही. वारा हलका असेल तर रविवारी वाळूवरच थोडा उडवून आणीन, आतलं उरलंसुरलं त्याने निघून जातं.

फॅन दिवसरात्र चालू आहे, त्या आवाजात तुझं बोलणं नीट ऐकू येत नाही, म्हणून हे लिहिलं. उद्या बाहेर जाऊन फोन करतो. बाबांना नमस्कार.

तुझा,
बाळू