नील बेट तीन तासांत उरकू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला अंदमानवरचा लेख वाचला, चांगला होता, पण त्यात नील बेटाला जेमतेम दोन ओळी आणि वर 'अर्धा दिवस पुरे' असं लिहिलंय. राहवलं नाही म्हणून लिहितेय, कारण सहा वर्षांपूर्वी टूरबरोबर आम्हीपण ते असंच उरकलं होतं. जेट्टीवर उतरलो, भरतपूर बीचवर काचेच्या तळाच्या बोटीत बसलो, शहाळं हातात घेतलं तोवर गाईडने शिट्टी मारली. ते अर्धं राहिलेलं शहाळं आमचे हे अजून काढतात.

यंदा जानेवारीत दोघंच गेलो, स्वतः तिकिटं काढून, आणि तिथे चार रात्री राहिलो. इथल्या एजंटने आधी घाबरवलंच होतं की मॅडम त्या झोपड्या फॉरेनर पोरांसाठी असतात, फॅमिलीला नाही जमणार, तुम्ही एसी रिसॉर्ट घ्या, एका रात्रीचे साडेसहा हजार. आम्ही चौदाशेची बांबूची खोली घेतली, लक्ष्मणपूरच्या बाजूला. चटईच्या भिंती, वर पत्रा, पुढे छोटा व्हरांडा नि झोपाळा, मच्छरदाणी, पंखा, मागे बाथरूम. गरम पाणी सांगितलं की बादलीने यायचं. रात्री पत्र्यावर नारळाची झावळी पडली तेव्हा मी किंचाळले होते, खोटं कशाला बोलू. लाईट जायची, जनरेटर लागेपर्यंत अंधारात बसायचं आणि समुद्र ऐकायचा. पालीसुद्धा होत्या, पण पाली साताऱ्यातही आहेत.

मालक बंगाली. बेटावरचे बहुतेक लोक पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या घरांतले, त्यांना सरकारने इथे जमिनी देऊन वसवलं. त्यामुळे बेटावर शेती भरपूर, इथली भाजी बोटीने पोर्ट ब्लेअरला जाते (आता श्री विजयपुरम म्हणायचं, पण तिथले दुकानदारसुद्धा जुनंच नाव घेतात). मला आपली ताजी मासळी आणि भात, आणि आमच्या शाकाहारी माणसाला ताटात चक्क लाल माठ, बौदी (बंगालीत वहिनी, म्हणजे मालकाची बायको) त्याला लाल शाक म्हणायची. परतून, वर लसूण, अगदी आपल्यासारखा. शाकाहाऱ्यांचे हाल होतात म्हणणाऱ्यांनी एकदा तिथे जेवून बघावं.

गावांची नावं सगळी रामायणातली, सीतापूर, भरतपूर, रामनगर, लक्ष्मणपूर, मधे नील केंद्र. हनुमानाला कसं विसरले ते विचारायचं राहिलं. मला वाटायचं निळ्या पाण्यावरून नील, तर ते १८५७ मधल्या नील नावाच्या इंग्रज सेनापतीवरून, ज्याने अलाहाबाद-कानपूरकडे लोकांना फासावर लटकवलं तोच, म्हणून ३० डिसेंबर २०१८ ला नाव बदलून शहीद द्वीप केलं ते बरंच झालं.

बेट एवढंसं की सायकलवर या टोकाहून त्या टोकाला जाता येतं. पहाटे सीतापूरला सूर्योदय, मग नाश्ता, झोप, संध्याकाळी लक्ष्मणपूरला सूर्यास्त. घड्याळ आपलंच पण बेट एवढं पूर्वेला की जानेवारीत सव्वापाच-साडेपाचला सूर्य गुल, आठला आम्ही अंथरुणात. आणि टूरवाले जे सांगत नाहीत ते म्हणजे सगळा खेळ भरती-ओहोटीचा आहे. भरतपूरला ओहोटीत प्रवाळ उघडे पडतात, पोहता येत नाही, उलट तो दगडी नैसर्गिक पूल, ज्याला तिथे हावडा ब्रिज म्हणतात, तो ओहोटीतच बघायचा. डबक्याडबक्यांत मासे, समुद्रकाकड्या (काकडीसारखे दिसणारे प्राणी), शंखात घर केलेले खेकडे. तुमच्या तीन तासांत ओहोटी आलीच नाही तर काय बघणार?

त्रासही सांगते. वाळूतल्या बारीक माश्या चावतात, कळत नाही पण दुसऱ्या दिवसापासून आठवडाभर खाज, पायाला खोबरेल चोपडून बसायचं. मोबाईलला रेंज कधी असते कधी नसते, रोख पैसे न्यावेत. आणि परतीचं विमान बोटीच्याच दिवशी अजिबात काढू नका, आमची बोट समुद्र खवळल्यामुळे रद्द झाली, पाचवी रात्र काढावी लागली, मालकाने अर्धेच पैसे घेतले. विमान दोन दिवसांनी होतं म्हणून वाचलो.

शेजारच्या प्लॉटवर मात्र स्लॅब पडत होता, एसी खोल्या होणार म्हणे. आमचा मालक दादा म्हणाला, लोक आल्या आल्या एसी आहे का विचारतात, मी तरी किती दिवस बांबू ठेवू. आपणच मागतो ना हे? जानेवारीत रात्री आम्हाला पंखासुद्धा बंद करावा लागला होता. तेव्हा पुढच्या वेळी लेखात पॅकेजच्या रेटबरोबर अशा खोल्यांबद्दल चार ओळी लिहा एवढीच विनंती.

निघताना बौदीने एक पपई बांधून दिली. विमानतळावर बॅग उघडायला लावली, कारण शंख आणि प्रवाळ, अगदी किनाऱ्यावर मेलेलं पडलेलंसुद्धा, आणायला बंदी आहे आणि ते कडक बघतात. टॉवेलात गुंडाळलेलं एवढं गोल काय म्हणून त्या जवानाने हळूच सोडवलं, पपई बघितली, वास घेतला आणि म्हणाला, नील की है ना?

आपली एक वाचक,
सातारा