संज्या, हे तोंड कुणाचं सांग

संज्या,

घरचे सगळे बरे, आईचे गुडघे तेवढे पावसात धरतात, मला काय धाड भरली नाही. फोन करणार होतो पण हे फोनवर सांगता येईना आणि तुझ्याशिवाय कुणाला कळणार बे.

सेल्फ पोर्ट्रेट करालोय हे तुला माहीत आहेच. आधी आरशात बघून करत होतो. व्हॅन गॉगनं पॅरिसच्या दोन वर्षांत स्वतःचीच तोंडं ढिगानं रंगवली कारण मॉडेलला द्यायला पैसे नव्हते, इथं शहापुरात तरी कोण फुकट बसणार तासन्‌तास. पण आरसा उलटं दाखवतो की. त्याचा कापलेला कान डावा आणि चित्रात पट्टी उजवीकडे. माझ्या भुवईवरचा राजहंसगडावरचा व्रण (दगड तूच मारलेलास, अजून नाही म्हणतोस) प्रत्येक चित्रात भलत्याच बाजूला. मग वाटलं, लोकांना दिसतो तो मी हा नव्हेच.

म्हणून आरशावर टॉवेल टाकला. ते फ्रेंच चित्रकार आंद्रे मासों वगैरे १९२० च्या दशकात करायचे ना, मनात काही न ठरवता हात नुसता फिरू द्यायचा, आत दडलेलं आपोआप वर यावं म्हणून, तसं. परवा रात्री धो धो पाऊस, करंट गेलेला, भिंतीवर मोठा कागद लावून अंधारातच चारकोल चालवला. करंट आला आणि बघतो तर ड्रॉइंगचे सर. हनुवटी सरांची, खालचा ओठ सरांचा, डोळे तर चूक दाखवायच्या आधी बघायचे तसेच. व्रण मात्र माझा, आणि बरोबर बाजूला! आई चहा घेऊन आली, म्हणाली सर छान जमलेत, वर्षश्राद्धाला त्यांच्या घरी नेऊन दे.

तू कॉलेजात म्हणालेलास, तुझ्या हाताला सरांचा वास येतो. त्यावरून खानापूरच्या बसमध्ये किती भांडलो, कंडक्टर मध्ये पडला. आता तेच मला झोपू देईना. सरांनी हात धरून रेष शिकवली, त्यात माझी रेष कुठून सुरू होते? फ्रिडा काहलोनं १९३९ ला एकाच कॅनव्हासवर दोन फ्रिडा काढल्या, हातात हात, दोघींची काळजं उघडी, एका शिरेनं जोडलेली. पण त्या दोघी ती स्वतःच होती. माझ्या कागदावर कोण बसलाय तेच ठरेना. आणि पुसवत पण नाही रे, सर गेल्यापासून पहिल्यांदा दिसले. रडलो मी.

चारकोल पक्का करायचा फिक्सेटिव्ह मारलेला नाही अजून, बोट लागलं तरी जाईल.

तुझं प्रमोशन कळलं, भारी झालं. वहिनींना विचारलं म्हणून सांग, पोरीला कुंदा पाठवतो कुणाबरोबर तरी.

एक काम कर. दहावीत, सरांकडे जायच्या आधी, तू गणिताच्या वहीत माझं तोंड काढलं होतंस, भुवया जोडून टाकल्यास म्हणून मी चिडलेलो. काकूंनी तुझी एकही वही टाकलेली नाही, वडगावच्या माळ्यावर असणार. मला ते तोंड बघायचंय. रविवारी जाऊन शोधतो, तेवढा काकूंना फोन करून ठेव.

तुझा,
पक्या