काका, तुमची वही माझ्याकडेच राहिली

ती. काकांस,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, कारण फोनवर आभाराचा विषय निघाला की तुम्ही "हं, काकूशी बोल" म्हणून मोकळे होता. नाव लिहिलेलं नाही, तेव्हा रागावू नका.

मे महिन्यात इथे अमेरिकेत, एडिसन गावातल्या बागेत तुम्ही मला पहिल्यांदा पाहिलंत, तेव्हा माझ्या मांडीवर लॅपटॉप होता आणि डोळ्यांत पाणी. तुम्ही सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेले. "घरी सगळं ठीक आहे ना?" असं विचारलंत. मी म्हटलं, "अपूर्णांकात अडलंय." तुम्ही चक्क हसलात, आणि शेजारी बसलात.

नर्सिंगला जायचं म्हणून अडतिसाव्या वर्षी मी कम्युनिटी कॉलेजात नाव घातलं होतं. गणिताच्या कोणत्या वर्गात बसवायचं हे अ‍ॅलेक्स नावाची परीक्षा ठरवते. जास्तीत जास्त ३० प्रश्न, गुण शंभरपैकी, आणि आधीच्या उत्तरावरून पुढचा प्रश्न ठरतो. आमच्याकडे कॉलेज अल्जिब्रासाठी ४६ लागतात, मला पडले २१. म्हणजे आधी पायाभूत वर्ग करा, त्याची फी भरा, आणि ते क्रेडिट पदवीत धरलं जाणार नाही ते नाहीच.

चूक माझीच होती. "मी हे अजून शिकले नाही" असं एक बटण असतं, ते मी एकदाही दाबलं नव्हतं. आपल्याकडे उत्तरपत्रिका कोरी ठेवायची नाही, काहीतरी लिहून यायचं, हेच अंगवळणी पडलेलं. मग ठोकून दिली उत्तरं. तुम्ही म्हणालात, "अगं, डॉक्टरला दुखतंय कुठं ते खोटं सांगतेस का?" त्या दिवशी बसून तुम्ही माझ्याकडून न येणाऱ्या गोष्टींची यादी करून घेतलीत. अडीच पानं झाली. लाज वाटली, पण परीक्षेनंतर मिळणाऱ्या सरावाच्या भागात नेमकं कुठून सुरू करायचं ते कळलं.

गंमत म्हणजे त्यातलं निम्मं मला येत होतं! कराडला मराठी माध्यमात छेद समान करणं, लसावि, अवयव पाडणं, रेषेचा चढ हे सगळं केलेलं. फक्त 'डिनॉमिनेटर' आणि 'स्लोप' या नावांनी ते समोर आलं की ओळख पटायची नाही. तुम्ही वहीत दोन रकाने आखलेत, डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी. आणि ती तुमची पाऊणकी! अठ्ठावीसचे तीन चतुर्थांश मी कागदावर मांडेपर्यंत तुमचं "एकवीस" म्हणून झालेलं असायचं.

फंक्शन मात्र खरंच नवं होतं. एफ आणि कंसात एक्स दिसलं की मी सरळ गुणाकार करायची. तुम्ही पिठाची गिरणी काढलीत. एफ ही गिरणी, कंसात दळण. गहू टाकले तर गव्हाचंच पीठ येणार, एकदा गव्हाचं नि एकदा ज्वारीचं असं होत नाही. माझ्या मुलीला आता फंक्शनला गिरणीच म्हणायची सवय लागलीये, तिच्या शाळेत काय म्हणत असतील देव जाणे.

तुम्हाला शिकवण्याचा मानही मला एकदाच मिळाला, नाण्यांच्या गणितात. पाच सेंटांचं निकेल दहा सेंटांच्या डाइमपेक्षा मोठं, हे तुम्हाला शेवटपर्यंत पटलं नाही. "हा कसला व्यवहार?" म्हणत तुम्ही दोन्ही नाणी खिशात टाकलीत. ती परत दिली नाहीत, हेही इथेच नोंदवते.

ऑगस्टमध्ये ५८ आले. त्या परीक्षेत ते बटण मी सात वेळा दाबलं.

आता रसायनशास्त्राची प्लेसमेंट, म्हणजे वर्ग ठरवणारी परीक्षा आहे. समीकरणं संतुलित करायला जमतंय, मोल या एककाशी अजून भांडण चालू आहे. संयुजांचा तक्ता फ्रीजवर लावलाय, तुमच्यासारखाच दोन रकान्यांत: शिसं, पारा, जस्त डावीकडे. वहीची शेवटची अकरा पानं कोरी आहेत. तिकीट काढलंत की कळवा, आणि काकूंना सांगा, मेतकूट संपलंय.

तुमची,
बाकावरची विद्यार्थिनी